अर्ध्या उजेडाचं भांडण

मामंजी,

तुम्ही शेवटचं काय बोललात, असं मला सगळ्यांनी विचारलं. आधी शेजारच्या काकूंनी, मग भेटायला आलेल्या बायकांनी, मग जोगेश्वरीहून धावत आलेल्या वन्संनी. वाण्याच्या दुकानात फोन आला तेव्हा तुमच्या चिरंजीवांनीही तेच विचारलं. यांची बोट कुठल्याशा लांबच्या बंदराला लागली होती, आवाज मधेच बुडत होता, दुकानात गिऱ्हाईकं डाळ-तांदूळ मागत होती, आणि त्या सगळ्या गोंगाटातून यांना एवढंच हवं होतं, "बाबा काही म्हणाले का गं?" मी म्हटलं, पाणी मागितलं. सगळ्यांना मी तेच सांगितलं. पाणी मागितलं म्हटलं की माणसांचं समाधान होतं, पुढे कोणी विचारत नाही.

तुम्ही पाणी मागितलंच नाहीत. जेवून उठलात, हात धुतलेत, फळीवरच्या त्या लाकडी बोर्डाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मगे? बदललंस काय वायरी?" मी भांडी आवरता आवरता म्हटलं, "नाही बदलणार." तुम्ही हसलात आणि नेहमीसारखे जाऊन उंबऱ्यावर बसलात. पुढचं तुम्हाला माहीत आहे, किंवा नाही. मला माहीत आहे आणि ते मला लिहायचं नाही.

आता सांगा, सासऱ्याचे शेवटचे शब्द म्हणून मी हे कोणाला सांगणार होते? वन्संना? त्यांना वाटलं असतं, शोकाने हिचं डोकं फिरलं. खरं म्हणजे मला राग आला होता आणि अजून आहे. भांडण अर्धं टाकून उठून जाण्याची ही कुठली रीत?

रीत म्हटलं की आपलं सुरुवातीचं आठवतं. लग्न होऊन मी घाटकोपरच्या या टेकडीवरच्या खोलीत आले तेव्हा आपण दोघं एकमेकांशी बोलतच नव्हतो. राग नव्हता, लोभ नव्हता, नुसती पद्धत होती. सुनेने सासऱ्यापुढे उभं राहून बोलायचं नाही. तुम्ही गिरणीतून वायरमन म्हणून सुटलेला माणूस, मी दादरची, मॅट्रिक होऊन वर रेडिओ-टीव्हीचा कोर्स केलेली, पण पद्धत म्हणजे पद्धत. एवढ्याशा खोलीत तुम्ही खाटेवर, मी स्टोव्हपाशी, आणि मधे सासूबाई. "तेका विचार, मासो आणखी होयो काय." म्हणजे सासूबाईंनी मला सांगायचं की तुम्हाला विचार, आणि मी सासूबाईंकडे बघून म्हणायचं, "हवाय का विचारा." तुम्ही सासूबाईंना सांगायचात, "नको म्हणान सांग." हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाकडे एक वाक्य असं वळसा घालून पोचायचं.

मग सासूबाई गेल्या. हे बोटीवर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. उरलो आपण दोघं आणि मधे दुभाषी कोणी नाही. तेव्हा तुम्ही भिंतीशी बोलायला लागलात. "कोण च्या करीत असात तर माका चलात." मी स्टोव्हला सांगायचे, "रॉकेल संपत आलंय, कोणी खाली उतरणार असेल तर बरं." तुम्ही डबा उचलून जायचात. काकू एकदा दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्या हसून हसून दाराची कडी धरून खाली बसल्या. पण खरं सांगू का, त्या दिवसांत मला फार एकटं वाटायचं. दिवसभरात एक माणूस समोर असायचा आणि त्याच्या डोळ्यांत बघून एक शब्द बोलायची सोय नव्हती. तुम्हालाही तसंच वाटत असणार, पण तुम्ही ते भिंतीलाही सांगितलं नाहीत.

काकूंच्या पंख्याचा रेग्युलेटर बिघडला नसता तर आपण आयुष्यभर असेच राहिलो असतो. त्यांच्या भाच्याने हौसेने नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणून बसवला होता, चिमुकला, पांढरा, आणि एका उन्हाळ्यात तो बंद पडला. काकूंनी तो तुमच्यापुढे आणून ठेवला. रेग्युलेटर म्हणजे तुमच्या हातातला खेळ. जन्मभर ते लोखंडी डबडे उघडलेत, आत तारेचं भेंडोळं, तापणारं, जळकट वास येणारं. तुम्ही ऐटीत स्क्रू काढलात, झाकण उघडलंत. आत भेंडोळं नव्हतंच. मग चष्मा कपाळावर ढकलून तुम्ही म्हणालात, "ह्यो काय? तीन पायांचो ढेकूण?"

मी पोळी लाटत होते. पाठ तुमच्याकडे होती. तोंडातून निघून गेलं, "ट्रायॅक आहे तो."

मला वाटलं, आता तुम्ही उठून बाहेर जाल. तुम्ही तो रेग्युलेटर हातात घेऊन स्टोव्हपाशी आलात, माझ्याकडे नाही, पोळीकडे बघत म्हणालात, "ट्रायॅक म्हंजे काय, ता कोण सांगात काय?" आणि मी वळले. पदर डोक्यावरून घसरला होता आणि हात पिठाचे, त्यामुळे तो सावरताही आला नाही. तसंच तुम्हाला सांगितलं. तीन पाय. दोन पायांतून बल्बाची किंवा पंख्याची वीज जाते, पण एरवी वाट बंद. तिसरा पाय म्हणजे गेट. गेटला बारीकसा धक्का दिला की वाट उघडते. एकदा उघडली की धक्का काढून घेतला तरी वीज चालू राहते.

तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "म्हंजे स्टार्टर! हिरवां बटण एकदा दाबलां काय मोटार चलता, बोट काढलां तरी चलता. होल्डिंग!" मी कोर्समध्ये हे महिनाभर घोकलं होतं, तुम्हाला ते एका पोळीत कळलं. मला तुमचं कौतुक वाटलं आणि थोडी असूयाही वाटली. ती पोळी जळली, ती तुम्हीच खाल्लीत.

तिथून आपली शाळा सुरू झाली: एक ट्रायॅक आणायचा, फळीवर बल्ब आणि बटण लावून तो कसा वागतो ते बघायचं. काकूंचा पंखा तुम्ही रेग्युलेटर वगळून सरळ जोडून दिलात, तो फुल स्पीडने गरगरायला लागला. "समजल्याशिवाय हात लावचो नाय," असं तुमचं म्हणणं. काकू अंगावर चादर घेऊन बसायच्या आणि मधेच ओरडायच्या, "मेल्यांनो, समजलं की नाही अजून? मला सर्दी झाली." आपण दोघं एकाच वेळी म्हणायचो, "थांबा हो जरा."

आपलं पहिलं भांडण त्या होल्डिंगवरूनच झालं. तुम्ही म्हणालात, स्टार्टरसारखा धरून ठेवतो ना, मग बटण सोडल्यावर बल्ब विझायला नको. मी म्हटलं, विझणार. घरातली वीज एका दिशेने वाहत नाही, ती पुढे-मागे होते, आणि दर वेळी दिशा बदलताना क्षणभर शून्यावर येते. शून्यावर आली की ट्रायॅकची पकड सुटते. पुन्हा चालू करायचं तर गेटला पुन्हा धक्का हवा. तुम्हाला पटेना. "म्हंजे तो सारखो सारखो इसरता?" मी म्हटलं, "हो, विसरतो. दर अर्ध्या फेरीला विसरतो, दर वेळी पुन्हा सांगावं लागतं." तुम्ही म्हणालात, "मगे तो आमच्या झिलासारखो आसा." यांच्यावर गेलं ते. मी तोंडाला पदर लावून हसले. सासऱ्यासमोर सून नवऱ्यावर हसते आहे, आणि सासराही हसतो आहे. सासूबाई असत्या तर दोघांनाही लाटण्याने मारलं असतं.

माल आणायला आपण लॅमिंग्टन रोडला गेलो. जाताना तुम्ही पुढे आणि मी बरीच मागे, लोकांना वाटावं यांची ओळखच नाही. फुटपाथवरच्या त्या पोराने विचारलं, "कौनसा चाहिए चाचा, ओरिजिनल की चालू?" तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. चारचौघांत. मी पुढे झाले, ट्रायॅक उलटसुलट करून पाहिला, पायांचा क्रम विचारला, आणि म्हटलं, "ओरिजिनल दे, आणि चालला नाही तर परत घेशील ना रे?" तो म्हणाला, "अरे बाई, झकास आहे, बिंधास न्या ना." येताना तुम्ही होल्डिंगबद्दल काहीतरी विचारलंत, मी उत्तर दिलं, आणि घर येईपर्यंत आपण शेजारी शेजारी चालतो आहोत हे माझ्या लक्षातही आलं नाही. त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा "मास्तरणी" म्हणालात. मला नावाने हाक मारणं काही तुम्हाला जमलं नाही. मास्तरणी चालेल, मी म्हटलं मनात.

बोर्ड आपण दोघांनी केला. जुन्या पाटाची फळी, चिनी मातीचा होल्डर, स्क्रूची कनेक्टर पट्टी, दारावरच्या बेलचं बटण, आणि गेटला धक्का द्यायला बॅटरीचे दोन सेल. मला कागदावरचं चित्र कळत होतं, तुम्हाला हात कळत होता. काम करताना तुम्ही आधी मेन बंद करायचात, वर फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात ठेवायचात. "जेच्या खिशात फ्यूज तेचो जीव शाबूत." मग पंखा बंद, घामाच्या धारा, आणि खिसा फुगवून तुम्ही शेजारी बसलेले. वीज चालू असताना बोर्डाजवळ जायचं तर रबरी चप्पल घालून आणि एक हात पाठीमागे. मी दोन्ही हात पुढे नेले की तुम्ही खेकसायचात, आणि ते खेकसणं सासऱ्याचं नव्हतं, वायरमनचं होतं. माझ्या जोडणीला मात्र तुम्ही हात लावला नाहीत. जोडणी तुझी, बोर्ड तुझा. फक्त एकदा म्हणालात, स्क्रूखाली तारेचा आकडा घालताना तो स्क्रू फिरतो त्याच बाजूने वळवायचा, म्हणजे आवळताना तार आत ओढली जाते. सेलच्या एका तारेचा आकडा मी उलटा वळवला होता. "तो सरळ कर हां," म्हणालात. मी म्हटलं, करते. केला नाही, कारण घट्ट बसला होता आणि मला कंटाळा आला होता.

मग तुम्ही फ्यूज लावलात. मी पाठीमागे हात धरून बटण दाबलं. बल्ब लागला.

म्हणजे, अर्धा लागला. पिवळट, थरथरता, अंगात ताप असल्यासारखा. बटण सोडलं की विझायचा, दाबलं की पुन्हा तसाच. मी सगळं तपासलं. पुन्हा तपासलं. मला कळलं काय झालंय ते. पुढे-मागे होणाऱ्या विजेतली एकच बाजू ट्रायॅक सोडत होता, दुसरी अडवत होता. अर्धी वीज, अर्धा उजेड. का अडवत होता, ते कळेना.

तुम्ही खाटेवरून म्हणालात, "सेलच्या दोन वायरी बदल. ही हकडे, ती थंय."

"का?"

"मोटार उलटी फिरली काय आमी दोन वायरी बदलतो. सरळ फिरता."

मी जवळजवळ ओरडलेच, "मामंजी, ही मोटार नाही!"

तेव्हाच्या माझ्या तावाचं कारण तुम्हाला मी नीट सांगितलंच नव्हतं, ते आता सांगते. कोर्समध्ये आम्हाला ट्रायॅकचा थोरला भाऊ शिकवला होता, एससीआर. तो एकाच दिशेने वीज सोडतो, आणि त्याच्या गेटला प्लसच द्यायचा. मायनस दिलात तर गेट जळेल, असं सरांनी फळ्यावर दोन रेघा मारून सांगितलं होतं. ट्रायॅकचा धडा शेवटचा होता, तिथवर वर्ग पोचलाच नाही. म्हणून मी थोरल्या भावाचा नियम धाकट्याला लावला आणि गेटला प्लस जोडला; वायरी बदलल्या की तिथे मायनस जाणार होता. मला तो नियम वाटत होता आणि तुमचा तो नुसता गिरणीतला ठोकताळा. मी म्हटलं, ट्रायॅकच खराब आहे, एक बाजू मेलेली आहे, आपण त्या पोराला परत देऊ. तुम्ही म्हणालात, "नव्या वस्तूक नाव ठेवू नको. बदलून तरी बघ." मी म्हटलं, "जळेल." तुम्ही म्हणालात, "जळांदे." मी म्हटलं, "मी जाळणार नाही."

तुम्ही हात वर केलेत. "तुझो बोर्ड, तुझो हुकूम."

आणि मग रोजचं झालं ते. सकाळी चहाबरोबर, दुपारी जेवणाबरोबर. "बदललंस काय?" "नाही." कधी तुम्ही नुसती भुवई उचलायचात आणि मी नुसती मान हलवायची. काकू म्हणायच्या, सासू-सुनेची भांडणं ऐकली होती, ही नवीन जात निघाली. मला ते भांडण आवडायला लागलं होतं. सकाळी उठताना मनात यायचं, आज मामंजी विचारतील आणि आज मी काय नवं सांगू. ज्या घरात चहा हवा म्हणायला भिंतीची मदत लागत होती, तिथे आपण दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघून हुज्जत घालत होतो. यांची बोट कुठे आहे, पुढचा फोन कधी येईल, हे मी तेवढा वेळ विसरायचे.

आणि तुम्ही उंबऱ्यावर जाऊन बसलात.

तेरावं झालं. माणसं पांगली. वन्सं म्हणाल्या, चल माझ्याबरोबर जोगेश्वरीला, एकटी काय करशील. त्या मनापासून म्हणाल्या, मी नाही म्हटलं तर रडल्याही. मी सांगितलं, यांचा फोन इथल्या दुकानात येतो. ते काही खोटं नव्हतं. पण खरं कारण फळीवर होतं. ते सोडून मी जोगेश्वरीला कशी जाऊ, आणि वन्संना काय सांगू, तुमच्या वडिलांशी माझं एक भांडण राहिलंय म्हणून?

पहिल्या दुपारी एकटीने जेवले. कोणी काही विचारलं नाही. भांडी घासून झाली, हात पुसले, तरी कोणी विचारलं नाही. मला वाटलं होतं, रडू तुमची खाट बघून येईल, तुमचा चष्मा बघून येईल. ते आलं जेवणानंतरच्या त्या रिकाम्या मिनिटात, जिथे तुमचा प्रश्न असायचा. पाटावर बसून हमसून हमसून रडले, मामंजी. भिंतीपलीकडे काकूंचा तो पंखा गरगरत होता, त्यांनी ऐकलं नसावं.

मग उठले. मेन बंद केला. फ्यूज उपसला आणि ठेवायला खिसा नाही, म्हणून पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. बोर्ड खाली घेतला. मनात पक्कं होतं की तुम्ही हे केलेलं असणार. मी रेशनला जायचे, नळावर जायचे, तुम्ही घरात एकटे, समोर बोर्ड, आणि बदलायला दोन स्क्रू. कोण थांबेल? तुम्ही बदलून पाहिलं असणार, काय होतं ते बघितलं असणार, आणि पुन्हा होतं तसं लावून माझी मजा बघत बसला असणार. मला त्याचाही राग आला होता, आधीच.

स्क्रू सैल केला. खाली माझा आकडा होता, उलट्या बाजूने वळवलेला. तसाच.

तो स्क्रू तुम्ही एकदा जरी उघडला असतात, तर तो आकडा सरळ केल्याशिवाय तुमच्याने बंदच झाला नसता. तुमचा हात मला माहीत आहे. उलटा आकडा तुम्ही शत्रूच्या घरीही ठेवला नसतात. म्हणजे तुम्ही हात लावला नव्हतात. इतक्या दुपारी तो अर्धा उजेड समोर घेऊन बसलात, उत्तर तुमच्यापाशी होतं, आणि माझ्या परवानगीची वाट बघत राहिलात. जोडणी तिची, बोर्ड तिचा. या घरात माझं म्हणून असं काही कोणी मानलं नव्हतं. माझ्या माहेरीही नाही. मला माहेरच्या आठवणीने कधी इतकं भरून आलं नव्हतं जितकं त्या वाकड्या तारेने आलं. हे मी तुम्हाला समोर सांगू शकले नसते, म्हणून कागदावर सांगते. तुम्ही मला फार मान दिलात, मामंजी.

मी वायरी बदलल्या. दोन्ही आकडे सरळ घातले. गाठ सोडून फ्यूज लावला, चप्पल घातली, एक हात पाठीमागे घेतला. जळेल अशी भीती अजूनही होती. बटण दाबलं.

पूर्ण उजेड, मामंजी. पांढराशुभ्र, न थरथरता. भर दुपारी खोलीत दुसरं ऊन आल्यासारखा. मी वळून खाटेकडे बघितलं. सवय.

मग कोर्सचं पुस्तक काढलं आणि शेवटचा धडा वाचला, जो आम्हाला कोणी शिकवला नाही. तिथे सरळ लिहिलं आहे. ट्रायॅकच्या गेटला प्लसही चालतो आणि मायनसही. पण प्लस दिला तर विजेच्या एका दिशेला तो सहज उघडतो आणि दुसऱ्या दिशेला बराच मोठा धक्का मागतो. आपल्या दोन सेलांचा धक्का तिथे पुरत नव्हता. मायनस दिला की दोन्ही दिशांना थोडक्यात भागतं. एवढंच होतं. ना ट्रायॅक खराब होता, ना त्या फुटपाथवरच्या पोराने फसवलं होतं. थोरल्या भावाचा नियम धाकट्याला लागू नव्हता.

वन्संना फोनवर हे सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, तू जेवतेस ना वेळेवर? काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, मग आता माझा पंखा कमी कर. यांचा फोन आला तेव्हा वाटलं यांना सांगावं. पण तिथून सुरुवात करायची म्हणजे पोळीपासून सांगावं लागलं असतं, आणि यांनी विचारलं असतं, बाबांशी तू बोलायचीस? दुकानात गिऱ्हाईकं होती. मी म्हटलं, मी बरी आहे.

तेव्हा ऐकणारं माणूस एकच होतं, आणि ते गेलं.

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, ते मला ठाऊक आहे. "उजेड पडलो मां? मगे कारण कित्याक व्हया?" बघा, आता तुमची वाक्यंही मलाच म्हणावी लागतात. मी तुमच्या बाजूने बोलते, मग माझ्या बाजूने बोलते, आणि मधे चहा गार होतो. दोन्ही बाजू एकाच माणसाने लढवायच्या म्हणजे ते भांडण राहत नाही.

म्हणून एक ठरवलं आहे. तुम्ही जिंकलात, मी हरले, असं मी म्हणणार नाही. एकदा म्हटलं की मिटलं, आणि मग फळीवर नुसती फळी उरेल. तुमचं उत्तर बरोबर होतं, ते मी मान्य करते. कारण साफ चूक होतं. मोटारीत दोन वायरी बदलल्या की फिरायची दिशा बदलते. इथे काही फिरत नाही, इथे दिशा बदलत नाही, इथे नुसती गेटची आवड-निवड आहे. मोटारीचा आणि याचा काडीचा संबंध नाही. मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

आता तुमची पाळी आहे, मामंजी. बोला.